नाथ देवळालीकर कशाने हरला

नगर जिल्ह्यात शोकांतिकांना तोटा नाही, निदान वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत तरी. निळवंडे धरणाला मंजुरी मिळाली १९७० साली आणि कालव्याला पाणी सुटायला २०२३ उजाडले. ही निळवंडेची शोकांतिका. पावसाने दडी मारली, चारा छावण्या उघडल्या की दुष्काळाची शोकांतिका. २०१३ च्या जानेवारीत सोनईला तीन दलित तरुणांचे खून झाले, पुढच्या वर्षी खर्ड्याला एका दलित मुलाचा खून झाला. दोन्ही ठिकाणी चर्चा होती ती जातीबाहेरच्या प्रेमाची, आणि दोन्ही घटनांना शोकांतिका म्हणून लोक मोकळे झाले.

हे मला पटत नाही, आणि त्यामागे केवळ नाटकवाल्याचा हट्ट नाही. कालवे रखडतात तेव्हा कुणीतरी फाइल दाबून ठेवलेली असते, कुणीतरी निधी दुसरीकडे वळवलेला असतो. खुनाला तर खुनी असतो. अशा गोष्टीला शोकांतिका म्हटले की ती हळूच नशिबाच्या खात्यावर जमा होते. करणारा बाजूला राहतो आणि आपण हळहळून चहा प्यायला मोकळे. सोनईत जे झाले तो गुन्हा होता. २०१८ मध्ये नाशिकच्या न्यायालयाने त्यात सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली ती गुन्हा म्हणूनच. मारणाऱ्यांच्या मनाचे दोन तुकडे झाले होते असे कुठे दिसले नाही. शोकांतिकेला ते तुकडे लागतात.

मथळेवाले असे सढळ हाताचे, तर नाट्यशास्त्राचे प्राध्यापक तितकेच चिक्कू. त्यांच्या मते आधुनिक नाटक शोकांतिका होऊच शकत नाही. राजा गेला, देव गेले, शापही गेले. आता उंचावरून पडायचे कुणी आणि कुठून? जॉर्ज स्टायनरने १९६१ साली शोकांतिकेच्या मृत्यूवर अख्खे पुस्तकच लिहिले. त्याचा मुद्दा ढोबळमानाने असा, की जे दुःख चांगल्या कायद्याने किंवा चांगल्या नळयोजनेने मिटू शकते, ते शोकांतिकेचे दुःख नव्हे. त्याच्या बारा वर्षे आधी आर्थर मिलरने उलटा दावा केला होता: साधा फिरता विक्रेताही शोकांत नायक होऊ शकतो, आपल्या इभ्रतीसाठी प्राण पणाला लावायची त्याची तयारी असली म्हणजे झाले. आपल्याकडे या वादाचा पाया विंदा करंदीकरांनी १९५७ सालीच मराठीत आणून ठेवला. त्यांचे ‘ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ वाचले तर एक गोष्ट लगेच ध्यानात येते. ॲरिस्टॉटलला राजवाड्यापेक्षा नायकाच्या चुकीत जास्त रस आहे. नायक दुष्ट नको, अगदी निर्दोषही नको. तो पडावा तो एखाद्या चुकीपायी. आणि पडता पडता त्याला काहीतरी उमगावे.

ही चूक कसली, यावर सगळे अडते. माणूस व्यसनाने, लोभाने बुडाला तर आपण त्यातून धडा घेतो, आणि दुसऱ्याने बुडवले तर चिडतो. शोकांतिकेत याहून विचित्र काही घडते: माणूस आपल्यातल्या सर्वांत चांगल्या गोष्टीमुळे बुडतो. ती गोष्ट सोडली असती तर तो वाचला असता, पण मग तो तो उरला नसता. आणि हे त्याला कळते, पण वेळ गेल्यावर. यात सिंहासन लागत नाही, प्रेतही लागत नाही. पण ही अट दिसते तेवढी सोपी नाही. बहुतेक आधुनिक नाटके इथेच गळतात, आणि त्यांत आपली सगळ्यात लाडकी शोकांतिकाही गळते.

‘नटसम्राट’ म्हणतो आहे मी. डिसेंबर १९७० मध्ये गोवा हिंदू असोसिएशनने ते रंगमंचावर आणले, डॉ. श्रीराम लागूंनी गणपतराव बेलवलकर उभा केला आणि मराठी माणसाने आपली शोकांतिका म्हणून त्याच नाटकावर शिक्कामोर्तब केले. लिअरची छाया उघड आहे. पण लिअरचा गुन्हा काय होता ते आठवा. त्याने प्रेमाचा लिलाव मांडला, तोंडदेखले बोलणाऱ्या पोरींना राज्य दिले आणि खरे बोलणारीला हाकलून दिले. त्याचा नाश त्याने स्वतः पेरला होता. गणपतरावांनी काय केले? होते नव्हते ते मुलांना वाटून टाकले. अव्यवहारी असेल, पण ही काही अशी चूक नव्हे की जिच्या पोटातून पुढचे सगळे अपरिहार्यपणे निघावे. मुलगा आणि मुलगी थोडी बरी निघाली असती तर नाटक पहिल्या अंकातच संपले असते. प्रेक्षक रडतो तो म्हाताऱ्याच्या हालांनी, त्या स्वगतांच्या भाषेने, कावेरीच्या मरणाने. आणि घरी जाताना पोरांना शिव्या घालतो. ज्या नाटकानंतर शिव्या घालायला कुणीतरी सापडते, त्याला मी थोर करुण नाटक म्हणेन. शोकांतिका म्हणताना माझी जीभ अडखळते. (हे नगरमध्ये चारचौघांत म्हटले की भांडण ठरलेलेच. राज्य नाट्य स्पर्धेच्या गावात ‘नटसम्राट’चे एखादे स्वगत पाठ नसलेला हौशी नट सापडणे मुश्कील.)

‘एकच प्याला’तल्या सुधाकराचे पतन त्याच्या मानीपणातून होते आणि मानीपणा हा गुणही आहे, म्हणून ते नाटक माझ्या कसोटीच्या पुष्कळ जवळ येते, पण पहिल्या अंकानंतर सूत्रे बाटलीच्या हाती जातात. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली बेणारे तर शिकारच आहे. तिला घेरणारे दोषी आहेत, ती नाही.

मग उरते कोण? माझ्या मते ‘कन्यादान’. विजय तेंडुलकरांचे हे नाटक १९८३ साली इंडियन नॅशनल थिएटरने रंगमंचावर आणले. दिग्दर्शक होते सदाशिव अमरापूरकर, नगरचे, इथल्या हौशी रंगभूमीवर घडलेले. त्याच वर्षी ‘अर्धसत्य’ पडद्यावर आला. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून त्याची पटकथाही तेंडुलकरांनीच लिहिली होती, आणि त्यातल्या रामा शेट्टीने अमरापूरकरांना देशभर खलनायक करून टाकले. त्या गवगव्यात त्यांचे हे दिग्दर्शन मागे पडले. नाथ देवळालीकरच्या भूमिकेत लागूच होते. तेरा वर्षांच्या अंतराने एकाच नटाने हे दोन म्हातारे उभे केले आणि माझा सगळा वाद त्या दोघांच्या मधोमध आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. नाथ हा विधान परिषदेतला समाजवादी आमदार. बायको सेवा, तीही चळवळीतली. मुलाचे नाव जयप्रकाश. एवढ्यावरून घराची कुंडली कळावी. विशीतली मुलगी ज्योती एक दिवस सांगते, की तिला अरुण आठवले या दलित कवीशी लग्न करायचे आहे. ओळख अगदी थोड्या दिवसांची. सेवा बिचकते, भाऊ बिचकतो, नाथ हरखतो. आयुष्यभर जे व्यासपीठावरून सांगितले ते आज घरात घडते आहे. अरुण घरी येतो, ब्राह्मणी घरात गुदमरतो, पोटापाण्याचा विषय निघाल्यावर हातभट्टीची दारू गाळू म्हणतो, ज्योतीचा हात पिरगाळतो. नाथला यात दिसते ती शतकांची जखम. लग्न होते. मारहाण सुरू होते. ज्योती घर सोडून माहेरी येते. मागोमाग अरुण दारू पिऊन दारात येतो, रडतो, गयावया करतो. नाथ म्हणतो हे लग्न मोडता कामा नये, कारण ते नुसते लग्न नाही. ज्योती परत जाते. गरोदरपणात लाथा खाते. मधल्या काळात अरुणच्या आत्मचरित्राचा गाजावाजा होतो आणि त्यावरच्या सभेत नाथने बोलावे अशी गळ घातली जाते. आधी तो साफ नकार देतो. मग जातो. पुस्तकाची स्तुती करतो. आणि त्यानंतर ज्योती येते ती त्याला जाब विचारायला.

आता स्टायनरला समोर बसवू. तो म्हणेल, यात शोकांतिका कसली? बायकोला मारणाऱ्या नवऱ्यासाठी कायदा असतो. बरोबर. आणि योगायोग असा, की भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम आले तेही १९८३ सालीच. नाथ कायदे करणाऱ्या सभागृहात बसणारा माणूस. त्याने एक फोन केला असता तर फौजदार दारात हजर झाला असता. म्हणजे उपाय आहे, हाताशी आहे, आणि तरीही तो वापरता येत नाही. कारण तो वापरणे म्हणजे नाथने आयुष्यभर जे मानले ते खोटे होते अशी सही करून देणे. मग ज्योती तो वापरायला नकार देते तेव्हा तिची अडचण पोलिसांच्या पलीकडची असते. उपाय नसलेले दुःख ही स्टायनरची अट मला अपुरी वाटते. माणसाच्या खिशात किल्ली आहे आणि ती कुलपाला लावली तर तो स्वतःच उरत नाही, हे अधिक भयंकर आहे, आणि ते केवळ आधुनिक नाटकच दाखवू शकते. एडिपसच्या खिशात किल्ली कुठे होती?

ग्रीकांकडेच जायचे तर एडिपसपेक्षा मला आगामेम्नॉन आठवतो. ऑलिसच्या बंदरात वारा पडलेला, गलबते अडकलेली. देवीला मुलगी दिली तर वारा सुटेल. बाप मुलीला लग्नाच्या निमित्ताने बोलावून घेतो आणि वेदीवर चढवतो. युरिपिडीसच्या नाटकात इफिजिनिया आधी जिवाच्या आकांताने विनवते, आणि मग एकाएकी स्वतःहून तयार होते: देशासाठी मरते म्हणते. तिच्या त्या होकाराने बाप सुटत नाही, उलट पुरता अडकतो. तेंडुलकरांच्या डोक्यात हे होते की नाही, मला देणेघेणे नाही. पण आकृती तीच आहे. समाजाचे गलबत हलावे म्हणून बापाने मुलगी दिली. नाथचा विचार चुकीचा नव्हता. जात मोडायची तर घरातून मोडावी लागते, यात काय चूक? चूक एवढीच, की तत्त्व त्याचे होते आणि पणाला लागले ते दुसऱ्याचे आयुष्य. सज्जन माणसे ही चूक फार सहज करतात, कारण ती करताना त्यांना त्याग केल्यासारखे वाटत असते.

नगरच्या प्रेक्षकाला नाथ परका वाटायचे कारण नाही. काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक अच्युतराव पटवर्धन आणि त्यांचे बंधू रावसाहेब हे याच गावचे. बेचाळीसच्या आंदोलनात नेहरू, पटेल, आझाद, नरेंद्र देव नगरच्या किल्ल्यात कैदेत होते आणि अच्युतराव बाहेर भूमिगत. खादीचा झब्बा, खांद्याला शबनम, मुलांची नावे पुढाऱ्यांवरून, सेवा दलाची गाणी तोंडपाठ, अशी घरे इथल्या जुन्या पेठांतून होती. अच्युतराव स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत राजकारणातून बाजूला झाले, कृष्णमूर्तींच्या विचाराकडे वळले. खऱ्या माणसाला असे निघून जाता येते. नाथला तेंडुलकर जाऊ देत नाहीत.

आणखी एक गंमत. लागू आणि अमरापूरकर हे काही समाजवाद्यांना टपल्या मारायला बसलेले लोक नव्हते. पुढे सामाजिक कृतज्ञता निधीसाठी, म्हणजे चळवळीतल्या पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळावे म्हणून, ‘लग्नाची बेडी’चे दौरे करणाऱ्या कलावंतांत हे दोघेही होते. नाथची मंडळी ती त्यांचीच मंडळी. आपल्याच माणसावर असे नाटक करायला जी निर्दयता लागते, तिच्यामुळे नाथची टिंगल झाली नाही. टिंगल झाली असती तर शोकांतिका तिथेच मेली असती.

शेवटच्या प्रवेशाकडे जरा बारकाईने पाहा. नाथ सभेहून आला आहे. तो खोटे बोलून आला आहे हे त्याला ठाऊक आहे. मुलीला जपण्यासाठी, तिचा छळ वाढू नये म्हणून त्याने पहिल्यांदा आपल्या मताविरुद्ध भाषण केले. म्हणजे तो अखेर बाप झाला, आणि तेही चुकीच्या वेळी. ज्योती तेच पकडते. ती विचारते (माझ्या शब्दांत), की माणूस मुळात चांगला असतो, बदलू शकतो, हे लहानपणापासून तुम्ही आमच्या कानीकपाळी ओरडलात. मग आता तुम्हीच कसे मागे फिरता? तुम्ही फिरा, मला आता फिरता येत नाही, तुम्ही मला तशी ठेवलीच नाही. आणि ती अरुणकडे निघून जाते. इथे पारडे फिरते. इतका वेळ नायक नाथ होता. या प्रवेशात मुलगी बापाच्या हातून नाटक काढून घेते. नाथला जे उमगते ते एडिपसइतकेच उघडेवाघडे आहे: अपराधी मीच, आणि अपराधाचे हत्यार माझी शिकवण. पण ज्योतीला जे उमगते ते त्याहून थंड आहे. तिला कळून चुकले आहे की बापाची तत्त्वे जगण्याच्या उपयोगाची नाहीत, आणि तरीही ती त्यांच्यासकट जगायला निघाली आहे. कुणी मरत नाही. विष नाही, खंजीर नाही. मराठी रंगभूमीवर प्रेताशिवाय एवढा काळोख क्वचितच पडला असेल.

आता ज्या आक्षेपाला उत्तर देणे खरेच जड आहे, त्याकडे येतो. ‘कन्यादान’वर दलित वाचकांनी आणि समीक्षकांनी राग धरला. १९९३ चा सरस्वती सन्मान याच नाटकाला मिळाला आणि तो स्वीकारताना तेंडुलकरांनी स्वतःच सांगितले, की याच नाटकापायी आपल्यावर चप्पलही फेकली गेली होती. राग समजण्यासारखा आहे. एका ब्राह्मण बापाला आत्मज्ञान व्हावे म्हणून एका दलित तरुणाला दारुडा, मारकुटा, ढोंगी व्हावे लागते. नाटकातला जयप्रकाश एक सिद्धान्त मांडतो, की छळले गेलेले लोक पुढे छळणारे होतात, आणि इस्रायलचे उदाहरण देतो. सिद्धान्त हुशार आहे, पण तो बाहेरून लावलेले लेबल आहे. अरुणच्या आतून काही कळत नाही.

हा आक्षेप ‘नाटक प्रतिगामी आहे’ अशा घोषणेच्या रूपात आला तर तो मी सोडून देईन. कलाकृतीने प्रत्येक समूहाचे प्रशस्तिपत्र मिळवावे असे मी मानत नाही. पण शोकांतिकेच्याच कायद्याने तपासले तर तो जास्त घाव घालतो. हेगेलने अँटिगनीबद्दल जे म्हटले त्याचा गाभा असा, की तिथे सत् आणि असत् भांडत नाहीत, दोन सत् भांडतात. क्रेऑनचीही एक बाजू आहे. मग अरुणची बाजू कुठे आहे? तो पहिल्या भेटीत बोलतो त्यात ती थोडी दिसते: या स्वच्छ, समजूतदार घराचा त्याला येणारा संताप, आपल्याला प्रयोगातला उंदीर केले जाते आहे याची शंका. शंका खरीच होती! नाथ खरोखरच त्याला प्रयोग समजत होता. एवढा जबर धागा हातात असताना तेंडुलकर दुसऱ्या अंकात तो सोडून देतात. नाथला उमगते, ज्योतीला उमगते. अरुणला काही उमगण्याचा हक्कच दिलेला नाही.

असा माणूस लिहिणे अशक्य होते असे म्हणायची सोय नाही. नाटकाच्या पाचच वर्षे आधी, १९७८ मध्ये, ‘बलुतं’ आले होते. त्याचे लेखक दया पवार याच जिल्ह्यातले, अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. त्या पुस्तकाची रचनाच अशी आहे, की शिकलेला, लिहिणारा दया पवार आणि त्याच्याच आतला दगडू मारुती पवार समोरासमोर बसतात आणि दगडू आपली कहाणी सांगतो. त्यात संसाराची पडझड आहे, पुरुष म्हणून केलेले अन्याय आहेत, त्यांची लाज आहे, आणि ती लाज झाकायची धडपड नाही. महारवाड्याने घडवलेला आणि शिक्षणाने तोडलेला माणूस स्वतःकडे पाहतो तेव्हा काय दिसते, ते सगळे तिथे आहे. अरुण आठवलेने लिहिलेले आत्मचरित्र नाटकात सगळे जण वाचतात, त्यावर सभा घेतात, पण प्रेक्षकाला त्यातले काहीच ऐकू येत नाही. तेंडुलकरांनी ते पुस्तक एकदा उघडून दाखवले असते तर नाथला त्याची स्तुती करताना खोटे बोलावे लागले नसते, आणि पेच दुप्पट झाला असता: पुस्तक खरे आहे आणि ते लिहिणारा हात माझ्या मुलीवर उठतो.

म्हणून मी म्हणेन, की ‘कन्यादान’ शोकांतिका आहे, पण एका डोळ्याची. संहितेत तरी. रंगमंचावर मात्र हा निकाल अजून लागायचा असतो, आणि नगरसारख्या केंद्रावर हौशी संस्था हे नाटक उचलतात तेव्हा तो कुठे लागतो तेही सांगता येते: अरुण पिऊन दारात येतो त्या प्रवेशात. बहुतेक नट तिथे सरळ ढोंगी अरुण करतात. एक डोळा सासऱ्याकडे, एक प्रेक्षकाकडे, रडण्यात थोडा तमाशा. टाळी मिळते. पण तसा अरुण केला की नाथ मूर्ख ठरतो. एवढे उघड सोंग न ओळखणारा आमदार. मूर्खाचा नाश पाहून आपण चुकचुकतो, हादरत नाही. तोच अरुण त्या पाच मिनिटांपुरता खरा रडला, आपल्याच हातांची त्याला खरी किळस आली, उद्या ते पुन्हा उठणार हे माहीत असूनही आली, तर नाथचा निर्णय शहाण्या माणसाचा निर्णय होतो, आणि ज्योतीचे परत जाणेही. नटाने तालमीला बसण्यापूर्वी ‘बलुतं’ वाचलेले असले तर तसे रडणे त्याला जमण्याची शक्यता आहे. मग दिग्दर्शकाने तिथली टाळी सोडायची तयारी ठेवली पाहिजे.